आधी पूर्ण कोरडे, मग सरळ

“ताई, मी २४ वर्षांची आहे. भांडुपला राहते, नोकरी करी रोडला. माझे केस दाट, घट्ट कुरळे, पाठीच्या निम्म्यापर्यंत आहेत. रोज सकाळी न्हाऊन झालं की ओल्या केसांवरच स्ट्रेटनर फिरवते, २३० वर, कारण ७.४० ची लोकल चुकवून चालत नाही. घरातून निघताना केस सरळ असतात. कुर्ला येईपर्यंत पिंजारतात आणि ऑफिसात पोचते तेव्हा झाडू झालेला असतो. गेल्या दोन महिन्यांत कपाळाजवळचे केस तुटून बोटभर उरलेत, उभेच राहतात. बेसिनमध्ये रोज तुकडे पडतात. आई म्हणते नारळाचं दूध, लिंबू आणि कॉर्नफ्लोअर लाव, पाहुण्यांसमोर तरी माणसासारखे केस ठेव. मैत्रीण म्हणते घरी करायचा केराटिनचा किट मागव. १४ जूनला दादाचा साखरपुडा आहे. घरच्या घरी केस सरळ करायचे, पण पिंजारायला नकोत आणि तुटायला नकोत, असं काही आहे का?”

प्रिय भांडुपकर,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ‘ओल्या केसांवरच’ या शब्दांपाशी थांबले. निम्मं उत्तर तिथेच आहे. घरच्या घरी केस सरळ करता येतात, आणि न तोडता करता येतात. त्यासाठी केस पूर्ण कोरडे हवेत, स्ट्रेटनर १८० च्या वर जाता कामा नये आणि हा खटाटोप आठवड्यातून एकदाच व्हायला हवा. रोज सकाळी मुळीच नाही.

‘कुरळे केस किती छान दिसतात, कशाला सरळ करतेस’ असं मी म्हणणार नाही. ते तुला आजवर दहा जणींनी ऐकवलं असेल. केस तुझे, हौस तुझी. पण ‘माणसासारखे केस ठेव’ हे मात्र मला लागलं. कुरळा केस मुळातूनच वळून येतो, कारण कातडीखालची त्याची पिशवीच वाकडी असते. तो न विंचरल्यामुळे कुरळा होत नाही. एवढं आईला वाचून दाखव, माझं नाव सांगून.

आता बेसिनमधल्या तुकड्यांकडे वळू. त्यातले पाच-सहा केस उचल आणि ट्यूबलाइटखाली पांढऱ्या कागदावर ठेव. एका टोकाला बारीकशी पांढरी गाठ दिसली तर तो मुळासकट गळलेला केस. तसे दिवसाला ५० ते १०० केस कुणाचेही गळतात, त्याची काळजी नको. गाठ नसेल तर तो मधूनच तुटलाय. मग डोक्यावरच्या तुटक्या बटेतला एक केस ताणून धर आणि काळ्या कापडासमोर नीट बघ. खसखशीच्या दाण्याहूनही लहान पांढरे ठिपके दिसतील. कोंडा बोटाने झटकला जातो, हा ठिपका जात नाही. लीख केसाच्या एका अंगाला चिकटलेली असते, हा केसातच असतो. त्या ठिकाणी केस वाकवलास तर कट्‌कन मोडेल, कारण तिथे त्याचं कवच फुटून आतले धागे दोरखंडासारखे सुटलेले असतात.

हे होतं कसं, ते समजलं की पुढचं सगळं आपोआप पटेल. ओल्या केसाच्या आत पाणी भरलेलं असतं. पाण्याची वाफ १०० अंशांना होते आणि तू त्याच्यावर २३० अंशांच्या दोन पट्ट्या दाबतेस. आतल्या पाण्याला हळूहळू बाहेर पडायला वेळच मिळत नाही, ते जागच्या जागी उकळतं आणि केसाच्या पोटात बुडबुडे होतात. सूक्ष्मदर्शकाखाली असा केस जाळीदार पावासारखा दिसतो. पट्टीखाली ‘चर्र’ असा आवाज येतो ना, तो हाच. मी विशीत असताना मावसबहिणीच्या लग्नाच्या सकाळी हाच आवाज ऐकत बसले होते. मला वाटलं होतं केस छान बसतायत. कपाळावरची ती बट पूर्ववत व्हायला वर्ष गेलं. म्हणून तुला इतकं जीव तोडून सांगतेय.

दुसरा प्रश्न कुर्ल्याचा. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात आणि त्यांचा आकार आतल्या बंधांनी धरून ठेवलेला असतो. त्यातले काही बंध पक्के, गंधकाचे. ते पाण्याने सुटत नाहीत, पार्लरमधल्या रिबॉन्डिंगच्या रसायनांनी तुटतात. दुसरे कच्चे, हायड्रोजनचे. ते पाण्याने सुटतात आणि केस वाळताना, थंड होताना पुन्हा जुळतात, ज्या आकारात असतील त्या आकारात. स्ट्रेटनरचा सगळा खेळ या कच्च्या बंधांचा आहे. कडक इस्त्रीची सुती साडी नेसून पावसाळ्यात बाहेर पडलं की तासाभरात तिचा कडकपणा जातो, तेच इथे होतं. हवेतलं पाणी केसात शिरतं, बंध सुटतात, केस आपल्या मूळ वळणावर जातो. मुंबईत ते पाणी बाराही महिने आहे. मान्सून इथे साधारण ११ जूनला पोचतो, पण मे महिन्यातली हवा तरी कुठे कोरडी असते?

आणि ज्या केसाचं कवच उचकटलंय तो हे पाणी जास्त पितो, तेही कुठे जास्त, कुठे कमी. म्हणून केस एकसारखे कुरळे न होता पिंजारतात. तू जितकी जास्त उष्णता देतेस तितके ते कुर्ल्याच्या आधीच, विक्रोळीलाच पिंजारणार. २३० वरून १७० वर आलीस तर केस कमी सरळ होतील असं तुला वाटेल. महिन्याभराने उलट दिसेल.

आता कृती. रविवार सकाळ ठरव, तासदीड तास हाताशी ठेव.

आदल्या रात्री किंवा न्हाण्याच्या दोन तास आधी खोबरेल तेल लाव, मुळांना कमी, लांबीला जास्त. आजीच्या या सवयीमागे पुरावा आहे आणि तोही आपल्या मुंबईतला. मॅरिकोच्या इथल्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना छापली होती. केसातलं प्रथिन वाहून जाण्याचं प्रमाण फक्त खोबरेल तेलाने कमी झालं, कारण त्यातलं लॉरिक आम्ल आकाराने लहान आणि सरळ साखळीचं असल्यामुळे केसाच्या आत शिरू शकतं. पण हे तेल धुण्याआधीचं. स्ट्रेटनरच्या आधी तेलाचा हात फिरवायचा नाही. ते पट्टीवर तापतं, धुरकटतं आणि केस तेलकट होऊन एकमेकांना चिकटतात.

शाम्पू फक्त टाळूला. लांबीवरून फेस खाली ओघळतो तेवढा पुरे. मग कंडिशनर भरपूर घे, कानापासून खाली लाव, आणि तो केसात असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर वर येत गुंता सोडव. कुरळ्या केसांचा गुंता सोडवायची हीच वेळ. कोरड्या केसात फणी ओढलीस तर स्ट्रेटनर लागायच्या आधीच निम्मे तुटतील.

पुसायला खरखरीत टॉवेल नको. घरात जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं किंवा टी-शर्ट असेल तो घे. पिळायचं नाही, चोळायचं नाही, कापडात केस घेऊन नुसतं दाबायचं. मग न धुवायचं कंडिशनर वाटाण्याएवढं, आणि त्यावर उष्णतेपासून वाचवणारा स्प्रे किंवा क्रीम. त्यात सिलिकोन असतं. नावात ‘कोन’ येणारे घटक डब्यावर दिसतील, त्यांना घाबरू नकोस. पट्टी आणि केस यांच्यामध्ये पातळ पडदा धरायला ते लागतंच.

आता ड्रायर. खूप जणी मला सांगतात, ड्रायर वाईट म्हणून आम्ही हवेवर वाळवतो आणि मग स्ट्रेटनर फिरवतो. आपल्या हवेत दाट कुरळे केस मधून चार-पाच तास ओलसर राहतात, आणि इतका वेळ पाण्याने फुगून राहणंही केसाला सोसत नाही. कोरियातल्या काही संशोधकांनी २०११ साली हे तपासलं होतं. ड्रायर १५ सेंटीमीटर लांब धरून सतत हलता ठेवला तर एकूण नुकसान नुसत्या हवेवर वाळवण्यापेक्षा कमी झालं. १५ सेंटीमीटर म्हणजे तुझी शाळेची छोटी पट्टी. ड्रायरचं तोंड मुळांकडून टोकांकडे, खालच्या दिशेने. एक बट कंगव्याने हलकी ताणून धरायची आणि कंगव्यामागून ड्रायर न्यायचा. इथेच केस साठ-सत्तर टक्के सरळ होतात. स्ट्रेटनरला फार काम उरत नाही, आणि तेच हवंय.

कोरडे झाले की नाही हे ओळखताना बोटं फसतात. एक बट उचलून वरच्या ओठाला लाव. गार लागली तर पाणी आहे. मानेजवळची, आतली बट आठवणीने तपास, तिथेच ओल लपते. ड्रायरनंतर दहा मिनिटं पंख्याखाली बस, चहा घे, आणि पुन्हा ओठाला लावून बघ.

स्ट्रेटनरबद्दल. ज्यावर तापमानाचा आकडा नाही, नुसता लाल दिवा आहे, तो केसांना लावू नकोस, स्टेशनबाहेर कितीही स्वस्त मिळो. तुझ्याकडच्यावर आकडा आहे हे चांगलं. केस दाट आहेत म्हणून ते जाड आहेत असं धरून चालू नकोस. एक केस चिमटीत धरून फिरव. दोऱ्यासारखा जाणवला तर जाड, जेमतेम जाणवला तर बारीक. कुरळ्या केसांत बारीक केस बरेचदा सापडतात, संख्या जास्त म्हणून डोकं भरलेलं दिसतं. बारीक असतील तर १५०, मध्यम असतील तर १६० ते १७०, खरोखर जाड असतील तर १८०. पहिल्या बटेआधी पांढरा टिश्यू पट्टीत चार-पाच सेकंद धर. पिवळा पडला तर यंत्राचा आकडा खोटा आहे.

दोन बोटं रुंद, पातळ बट घे. कंगवा पुढे, पट्टी त्याच्या मागे चिकटून, मुळापासून अर्धा इंच सोडून सुरुवात, आणि टोकापर्यंत न थांबता एकच संथ फेरी. पाठीच्या निम्म्यापर्यंतच्या केसांना आठ-दहा सेकंद लागतील. दुसरी फेरी नाही. एका फेरीत बट सरळ झाली नाही तर ती जाड घेतली होतीस किंवा ओली होती. तापमान वाढवून ते सुटत नाही. आणि झालेली बट लगेच हाताने कुरवाळू नकोस, बांधू नकोस. थंड होतानाच ते कच्चे बंध जुळतात, त्यामुळे गरम असताना बसलेली रबराची घडी तशीच राहते. शेवटी सिरमचे दोन थेंब तळहातावर चोळून फक्त टोकांना.

कपाळावरच्या बोटभर केसांना मात्र चार महिने पट्टी लावायची नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, म्हणजे दिवाळीपर्यंत ते चापात बसण्याइतके होतील. तोवर ओल्या बोटांवर किंचित जेल घेऊन ते मागे बसव. आणि टोकांचे दोन इंच कापून घे. फाटे फुटलेलं टोक कुठल्याही क्रीमने सांधत नाही, फाटा वर चढत जातो. आईला जीवावर येईल, तरी काप.

मग सोमवार ते शनिवार काय? रोज न्हाऊ नकोस. घामाने टाळू चिकट झाली तर आठवड्यात मध्ये एकदा धू, आणि त्या दिवशी केस सरळ नसतील तर नसू देत. एरवी झोपताना केस पूर्ण कोरडे असताना दोन सैल पोनी घाल आणि प्रत्येकीवर दर दोन इंचांवर मऊ कापडी रबर चढव, टोकापर्यंत. सकाळी सोडलेस की केस ताणलेले, लांब दिसतील, वळण अगदी थोडं. उष्णतेचा संबंध नाही. उशीला जुन्या रेशमी साडीचा तुकडा शिवून अभ्रा कर, सुती अभ्र्यावर रात्रभर घासून केस सकाळी पिंजारलेले असतात. आणि लोकलमध्ये केस मोकळे नकोत. दारातला वारा तर आहेच, शिवाय लेडीज डब्यात पर्सच्या चेनीत अडकून किती केस जातात ते तुलाही माहीत आहे. सैल वेणी घाल किंवा मऊ कापडाखाली बुचडा बांध. करी रोडला उतरल्यावर सोड. कुर्ल्याला पिंजारायचे केस ऑफिसपर्यंत टिकवण्याचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

तुमच्या बिल्डिंगमध्ये पाणी कुठलं येतं ते मात्र विचार. पालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांतलं, फारसं जड नाही. बोअरवेलचं किंवा टँकरचं मिसळत असेल तर त्यातल्या क्षारांचा थर केसांवर बसतो, केस राठ होतात आणि आपण शाम्पूला दोष देत बसतो. तसं असेल तर शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घे.

आईचा नारळाच्या दुधाचा लेप: लाव, बिघडत काही नाही. केस मऊ वाटतील, लेपाच्या वजनाने थोडे खाली बसतील. सरळ होणार नाहीत. लिंबू मात्र वगळ, ते केस कोरडे करतं आणि तुटलेल्या केसांना कोरडेपणा नकोच आहे. कुणी खाण्याचा सोडा सांगितला तर अजिबात नको, त्याने केसाचं कवच उघडतं. कपड्यांच्या इस्त्रीबद्दल तू विचारलं नाहीस, बरं केलंस.

केराटिनच्या किटबद्दल मी जास्त गंभीर आहे. घरी आणून करायच्या या किटांपैकी कित्येकांत फॉर्मॅलिन, मेथिलिन ग्लायकॉल किंवा ग्लायऑक्झिलिक आम्ल असतं. ‘फॉर्मल्डिहाइड नाही’ असं ठळक छापलेल्या डब्यातही हे शेवटचं सापडतं, आणि त्यावर गरम पट्टी फिरली की फॉर्मल्डिहाइडची वाफ निघू शकते. हा वायू माणसाला कर्करोग करणारा म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने नोंदवलेला आहे. ग्लायऑक्झिलिक आम्लाची गोष्ट आणखी वेगळी. २०२४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका २६ वर्षांच्या तरुणीची नोंद आली. २०२०, २०२१ आणि २०२२ अशी तीन वेळा तिने पार्लरमध्ये केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. ते आम्ल टाळूतून आत जाऊन हे झालं असावं, असं तिच्या डॉक्टरांनी मांडलं. भांडुपच्या वन आरकेमध्ये, खिडकीला जाळी, बाथरूमला हातभर झरोका, शेजारच्या खोलीत आई स्वयंपाक करतेय, अशा जागी ही वाफ कोंडून घ्यायची नाही. मैत्रिणीने घेतला असेल तर तिलाही सांग. डब्यावरची बारीक अक्षरं वाचायला लाव.

राहिला साखरपुडा. १४ जून म्हणजे पाऊस दारात. १३ तारखेच्या संध्याकाळी वर सांगितलं तसं सगळं कर, सकाळी नको. सकाळी घरात पाहुणे, बाथरूमला रांग, घाईत पुन्हा ओल्या केसांवर पट्टी फिरेल. रात्री केस डोक्याभोवती गुंडाळून चापट्या पिना लाव आणि वरून रेशमी ओढणी बांध. सकाळी सोडून नुसता कंगवा फिरव. सगळे केस मोकळे ठेवायचा हट्ट धरू नकोस. पुढचे अर्धे मागे घेऊन चापात बांध, म्हणजे कपाळावरचे बोटभर केसही त्यात दडतील, आणि खालचे सरळ सोड.

आणि गजरा. मोगऱ्याचा गजरा फुलवाली ओल्या फडक्यातून काढून, पाणी शिंपडून हातात देते. तो तसाच माळलास तर जिथे टेकेल तिथले केस अर्ध्या तासात वळतील, आणि फोटोत नेमकी तेवढीच जागा दिसेल. आणल्यावर कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटं ठेव, देठांकडची बाजू टिपून घे, आणि बांधलेल्या चापाच्या वर माळ, मोकळ्या केसांवर नको. दुपारी पाऊस आला आणि केस वळायला लागले तर पर्समध्ये एक कापडी रबर ठेवलेला असू दे. सैल बुचडा घाल आणि तोच गजरा त्याच्याभोवती फिरव.

जूनच्या शेवटी कपाळावरचे नवे केस किती वर आलेत ते मोजून मला कळव.

तुझी ताई